दोष माइकचाच आहे

१ फेब्रुवारी, रविवार

मनुष्याला दोन पाय असतात, तो उभा राहतो. टेबलाला चार असतात, तेही उभे राहते. ट्रायपॉडला विधात्याने तीन दिले आणि त्यातला एक विश्वासघातकी निघाला. आज सकाळपासून मी या एका पायाच्या चारित्र्याचा अभ्यास करतो आहे. ताणून, खटका दाबून, दम देऊन उभा केला की क्षणभर सज्जनासारखा राहतो. मग हळूहळू, कुणाच्या नजरेत येऊ नये अशा बेताने, आत सरकू लागतो. परिणाम असा की माझ्या पहिल्या व्हिडिओच्या आरंभी माझा चेहरा आहे, मध्यावर सदऱ्याची बटणे आहेत आणि समारोप संपूर्णपणे पोटाने केला आहे.

ट्रायपॉड लेकीचा. होस्टेलला जाताना इथेच टाकून गेली. तेव्हा वाटले विसरली. आता कळते, विसरली नव्हती.

चॅनेलचे नाव ठरले : 'खणखणीत'. विषय : स्पष्ट, शुद्ध आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असे कसे बोलावे. माझा अधिकार : आयुष्यभर शाळेत भाषा शिकवली, माइकला कधी हात लावला नाही. मुले मला 'भोंगा' म्हणतात. माझ्या पाठीमागे म्हणतात, पण मला नीट ऐकू येईल असे म्हणतात. माझ्या शिकवण्याला याहून मोठी पावती नको.

संध्याकाळी व्हिडिओ लावून पाहत होतो. ही स्वयंपाकघरातून आली आणि विचारू लागली, कोण आलंय? चहा टाकू का त्यांनाही? मी म्हटले, कुणी नाही, मीच आहे. तिने फोनकडे पाहिले. मग माझ्याकडे. मग म्हणाली, घोगरा येतोय हो. आणि त्या फोनातच नाही काही, जानेवारीपासून असाच येतोय.

फोनचा माइक. त्याला खालचे स्वर झेपत नाहीत, हे सर्वश्रुत आहे.

संकल्प : पुढच्या रविवारी पहिला भाग. परीक्षा लागायच्या आत बारा.

२ फेब्रुवारी, सोमवार

स्वतंत्र माइक घेणे अपरिहार्य. मधल्या सुट्टीत इंटरनेटवर वाचन केले. माइकांचे इतके प्रकार आहेत की आमच्या समासांनी लाजून घरी बसावे. सर्व दिशांनी ऐकणारा, एकाच दिशेने ऐकणारा, हृदयाच्या आकारात ऐकणारा. न ऐकणारा कुणी विकत नाही. तो प्रत्येक घरात फुकट मिळतो.

ही औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. येताना घशाच्या गोळ्या घेऊन आली. एक चघळली. केवळ तिचे मन राखावे म्हणून.

४ फेब्रुवारी, बुधवार

कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. मालक माझाच विद्यार्थी, शेवटच्या बाकावरचा. पाया पडला. म्हणाला, सर, तुमच्या तासाला कधी डोळा लागू दिला नाहीत, बाकी सगळ्या विषयांची झोप तुमच्यामुळे बुडाली. मी कृतार्थ झालो आणि काय हवे ते सांगितले. तो म्हणाला, सर, जरा मोठ्यानं. मी पुन्हा सांगितले. तो काउंटरवर ओणवा झाला आणि कान पुढे केला.

त्याच्या दुकानातला एसी फार घरघरतो. दुरुस्त करून घे म्हणालो. तेही त्याला दोनदा सांगावे लागले.

कॉलरला अडकवायचा माइक घेतला. शेंगदाण्याएवढा आहे. म्हणाला, सर, मुंगी चालली तरी ऐकू येईल यात. मुंगीचे आम्हाला काही नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

घरघर.

बोलतो मी आणि ऐकू येते ते असे, की शेजारच्या खोलीत कुणी लोखंडी कपाट ओढत आहे. विचार केला. माइक सदऱ्याला लागून असतो, कापड घासत असणार. शास्त्रशुद्ध प्रयोग आरंभला. सुती सदरा : घरघर. टेरिकॉट : घरघर. लोकरी स्वेटर : घरघर आणि घाम. शेवटी लग्नातला कोट काढला. ही दारात उभी राहून पाहत होती. म्हणाली, कुठे निघालात? मी म्हटले, कुठे नाही, व्हिडिओ करतोय. म्हणाली, मग तेवढं बटण लावू नका, उडेल आणि कुणाच्या तरी डोळ्यात जाईल.

लावले. उडाले. डोळा वाचला.

निष्कर्ष अन्वय-व्यतिरेकाने काढला आहे. कापड बदलले, घरघर बदलली नाही. म्हणून घरघर कापडाची नव्हे. उरला माइक. आमचे न्यायशास्त्राचे गुरुजी आज असते तर पाठ थोपटली असती.

दोष माइकचाच आहे.

८ फेब्रुवारी, रविवार

पहिला भाग पुढच्या रविवारी. सदोष उपकरणाने आरंभ करणे हा प्रेक्षकांचा अवमान आहे. प्रेक्षक अजून नाहीत, पण तत्त्व ते तत्त्व.

१० फेब्रुवारी, मंगळवार

वर्गात एक सुखद बदल दिसतो आहे. मागच्या बाकांवरची मुले आपण होऊन पुढे येऊन बसू लागली आहेत. तिघे तर पुढच्या बाकांसमोर जमिनीवर पाय दुमडून बसले. जागा कमी पडते म्हणून भांडतात. आणि शांतता अशी की बाहेरच्या नळाचे ठिबकणे ऐकू यावे. सगळे माझ्या तोंडाकडे एकटक पाहत असतात, डोळे बारीक करून.

इतक्या वर्षांनी विषयाची गोडी लागली. उशिरा का होईना.

कवितेच्या मध्यावर एकदा माझा आवाज गेला. परत आला. खडूची धूळ. शाळेने चांगले खडू घ्यायला हवेत. मुख्याध्यापिकाबाईंना अर्ज करणार आहे.

११ फेब्रुवारी, बुधवार

गोल दिवा आणला. चेहऱ्यावर तेज येते. परंतु चष्म्याच्या दोन्ही काचांत एकेक गोल उमटतो आणि मी भूत लागलेल्या घुबडासारखा दिसतो. चष्मा काढला तर लिहून ठेवलेले भाषण दिसत नाही. म्हणून स्क्रीनवर भाषण सरकवणारे ॲप घेतले, अक्षरे वीटभर मोठी केली. आता एका वेळी एकच शब्द मावतो. 'नमस्कार' येतो आणि 'मंडळी' येईपर्यंत मी काय सांगायला बसलो होतो ते विसरतो.

ॲपही सदोष आहे. माझ्यापेक्षा भरभर धावते. दर वाक्याला खाकरावे लागते, थोडे पाणी प्यावे लागते, हे त्या बनवणाऱ्याने गृहीतच धरलेले नाही. माणसाचा विचार न करता यंत्रे बनवतात.

१४ फेब्रुवारी, शनिवार

शेंगदाणा परत करून हातभर लांबीचा माइक आणला. वर केसाळ टोपी आहे. ही म्हणाली, हे जनावर कुठे ठेवायचं? चावत नाही ना?

मालक म्हणाला, सर, याच्या पुढे मग सिनेमावाल्यांचाच. मी म्हटले, पाहू. तो काहीतरी बोलणार होता. सर, तुमचा... एवढे म्हणाला आणि मग, सर, तुमचा चहा सांगू का, असे म्हणाला. गुणी मुलगा. शिकला असता तर फार पुढे गेला असता.

रात्रीच्या जेवणाआधी चाचणी. ऐकू आले ते : फ्रिजचा हुंकार. वरच्या मजल्यावर सरकवलेली खुर्ची. लिफ्टचे दार. भिंतीपलीकडचे वकीलसाहेब अशिलाला फोनवर सांगत होते की घाबरायचं काही कारण नाही, मी आहे ना. ते शब्द न् शब्द आले, त्यातले आश्वासनसुद्धा. आणि मी? मी वीतभर अंतरावर बसून बोलत होतो, आणि आलो तो फाटक्या पिपाणीसारखा.

यावरून या माइकचा स्वभाव कळतो. त्याला दूरचे चांगले आणि जवळचे वाईट ऐकू येते. माणसांतही हा दोष असतो. तेव्हा मी दूर बसायचे, एवढाच उपाय. दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाला बसून बोललो. मग दाराबाहेर जिन्यात उभा राहून बोललो. रेकॉर्डिंगमध्ये कुणीच नाही. फक्त ही, कुणाला तरी फोनवर सांगताना : हो गं, जिन्यात उभे आहेत. भिंतीशी बोलताहेत. नाही, कोट नाही घातलेला आज.

१५ फेब्रुवारी, रविवार

दोष खोलीचा आहे. खोली घुमते. माइक बिचारा घुमलेलेच टिपणार.

अडगळीच्या खोलीचा स्टुडिओ करण्याचे ठरवले. खिडकी नाही, आकार कपाटापेक्षा थोडा मोठा, म्हणजे आदर्श. आतला पाळणा, तुटका टेबलफॅन आणि सासूबाईंची शिलाई मशीन बाहेर पॅसेजमध्ये आणली. आता पॅसेजमधून आडवे होऊन जावे लागते. हिने एकदा जाऊन पाहिले आणि म्हणाली, अहो, डॉक्टरला दाखवायचं ते राहू दे, माणूस घरातून बाहेर पडू नये अशी व्यवस्था करा. तीन आठवड्यांच्या वर आवाज बसलेला असला की दाखवायचं असतं, मी काउंटरवर उभी राहून लोकांना दिवसभर हेच सांगते, आणि माझ्याच घरात...

वाक्य पूर्ण केले नाही. हल्ली या घरात कुणी वाक्ये पूर्ण करत नाही.

मी म्हटले, पहिला भाग होऊ दे. मग दाखवू.

१६ फेब्रुवारी, सोमवार

बेकरीतून अंड्यांचे रिकामे ट्रे आणले. बेकरीवाला म्हणाला, कोंबड्या पाळताय का सर? होय म्हणालो. खरे सांगत बसलो असतो तर ब्रेड घेणाऱ्यांची रांग लागली असती.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

भिंतींवर ट्रे, ट्रेंवर रजया, दाराच्या आतल्या बाजूला अख्खी गादी. टाळी वाजवली तर ती हातातच मरते. अपूर्व! या घरात प्रथमच अशी जागा निर्माण झाली आहे की जिथे कुणाचेही काही ऐकू येत नाही.

एकच न्यून. दाराची आतली मूठ सैल आहे. बोलताना हात हलला की खुळखुळते, आणि गादीही तिच्यामुळे सपाट बसत नाही. विचार करतो.

१८ फेब्रुवारी, बुधवार

लेकीला नमुना पाठवला. तिला या विषयातले कळते. तिचा फोन आला. बाबा, हे काय आहे? मी म्हटले, माइक नंबर दोन, अजून सेटिंग चालू आहे. ती म्हणाली, बरं. आत्ता कुठल्या माइकवर बोलतोयस? मी म्हटले, आत्ता कुठल्या म्हणजे, आत्ता तर फोनवर बोलतोय. ती म्हणाली, आईला दे ना जरा.

आईने फोन घेऊन स्वयंपाकघराचे दार लावून घेतले. बराच वेळ. केसाळ माइक दाराला टेकवून ऐकता आले असते, पण मी तत्त्वाचा माणूस आहे. शिवाय बॅटरी संपली होती.

लेक मार्चच्या पहिल्या आठवड्यात येते म्हणाली. परीक्षा तोंडावर असताना. बहुधा एडिटिंगला मदत करायची आहे. पोरीला कळतो आपल्या बापाच्या कामाचा पसारा.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

शिवजयंतीचा कार्यक्रम आटोपल्यावर मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावले. मला वाटले खडूंबद्दल. त्यांनी टेबलाच्या खणातून एक डबी काढली. कमरेला लावायचा छोटा स्पीकर, तोंडासमोर माइकची काडी. म्हणाल्या, सर, सगळ्याच शिक्षकांसाठी घेतोय, वापरून बघा. मी विचारले, गणिताच्या सरांना दिला? म्हणाल्या, त्यांचं नंतर. इतिहासाच्या बाईंना? त्यांचंही नंतर बघू.

नम्रपणे नाकारला. म्हटले, मी भोंगा आहे बाई, भोंग्याला भोंगा कशाला? त्या हसल्या नाहीत. एकदम उठून म्हणाल्या, बसा ना सर, पाणी घ्या. मला पाणी नको होते. प्यायलो.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

हिने परस्पर कान-नाक-घशाच्या डॉक्टरची वेळ घेतली आहे. पुढचा गुरुवार, संध्याकाळी. ती दुकानातून थेट येणार, मी शाळेतून. म्हणाली, फक्त दुर्बीण घालून बघतात, दुखत नाही. म्हटले, दुखण्याचा प्रश्नच नाही. मग कसला प्रश्न आहे, म्हणाली.

उत्तर देण्याआधी गोल दिव्याची वायर तपासायची होती.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज पहिला भाग होणारच होता. मूठ खुळखुळल्यामुळे सर्व टेक बाद.

उपाय सुचला, आणि इतका सोपा की आधी का सुचला नाही याचे नवल वाटते. स्क्रू काढून आतली मूठच काढून टाकली. भोकात कापूस भरला, वर गादी ठोकली. आता दार म्हणजे भिंतच.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सूक्ष्म गोष्टींकडे लक्ष देत आहे. घड्याळाची टिकटिक येते म्हणून ते काढून ठेवायचे. फोन वाजतो म्हणून तो बाहेर ठेवायचा. दुकानातून चाचणीसाठी छोटा कॅमेरा आणला आहे, तो बंद न पडता चालू राहतो. विजेची तार दाराखालच्या फटीतून आत घेतली आहे. तिचा बोर्ड दिवाणखान्यात.

वर्गाची हजेरी आजपासून मॉनिटर घेते. मुलांना जबाबदारीची सवय लागायला हवी.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

मधल्या सुट्टीत वाचनात आले की स्टुडिओसाठी वेगळ्याच जातीचा माइक लागतो, जाड, टेबलावर ठेवायचा. शाळेतून सुटल्यावर डॉक्टरकडे जायच्या वाटेवरच दुकान आहे. क्षणभर डोकावलो. मालकाने तीन नमुने काढले. प्रत्येकावर बोलून पाहिले पाहिजे, नाही तर कळणार कसे? बोललो. तो हेडफोन लावून ऐकत होता. तिसऱ्यानंतर त्याने हेडफोन काढला आणि म्हणाला, सर, तुम्ही हा घरी न्या, राहू दे तुमच्याकडे. आणि सर, जपा. मी म्हटले, अरे, जपतो म्हणजे काय, इतका नाजूक असतो का हा? तो म्हणाला, नाही सर, माइक नाही.

तिथे वेळ गेला. डॉक्टरकडे पोचलो तेव्हा शटर अर्धे खाली होते. कंपाउंडर म्हणाला, मॅडम बसून होत्या बराच वेळ. दोघातिघांना पुढे जाऊ दिलं त्यांनी. म्हणत होत्या, येतील, येतील.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

ही बोलत नाही. भाजी वाढली, पाणी ठेवले, दिवे मालवले, सर्व न बोलता. आता या घरात दोन माणसे आहेत आणि आवाज फक्त फ्रिजचा.

रेकॉर्डिंगच्या दृष्टीने परिस्थिती उत्तम.

१ मार्च, रविवार. दुपार.

आज होणार. नवा जाड माइक टेबलावर. कॅमेरा चालू. ट्रायपॉडच्या त्या पायाला लाकडी पट्टी बांधली, आता जातो कुठे! शूटिंगच्या नोंदी करण्यासाठी रोजनिशी आत घेतली आहे. ही दुकानात उरलेले काम आटोपायला गेली आहे. घर शांत. दार ओढून घेतले. नमस्कार मंडळी.

थोड्या वेळाने

पहिला टेक 'मंडळी'पर्यंत गेला. घसा ओला करायला पाणी हवे. पाणी बाहेर राहिले.

लगेच

मूठ नाही.

त्यानंतर

परिस्थितीचा शांतपणे विचार करू. दार बाहेरून उघडते. आतून उघडण्यासाठी मूठ लागते. मूठ स्वयंपाकघरातल्या खणात आहे, मी स्वतः पुसून ठेवली आहे. फोन सोफ्यावर. घड्याळ फोनवर. भोकातला कापूस उपसला. बोट जाते, फिरत काही नाही. दाराला धक्का दिला तर गादी प्रेमाने परत ढकलते.

ही येईल तेव्हा हाक मारू. त्यात काय आहे? आयुष्यभर हाकाच मारल्या आहेत.

आणखी थोड्या वेळाने

उकडते आहे. गोल दिवा बंद केला. मग अंधार झाला. मग लावला. अंडी नेमकी कशी उबवतात ते आतून कळले.

आणखी

ही आली! बाहेरच्या दाराचे कुलूप ऐकू आले नाही, पण दाराखालच्या फटीतल्या उजेडात सावली हललेली दिसली. हाक मारली. पुन्हा मारली. शाळेच्या मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाच्या मुलाला थांबवायची ती हाक. सावली फटीसमोरून गेली. परत आली. पुन्हा गेली.

गादीवर बुक्क्या मारल्या. गादीने त्या ठेवून घेतल्या.

पुन्हा ओरडलो. ओरडतो आहे. लिहिताना थांबतो, मग ओरडतो. ती बाहेर चालत फिरते आहे, मला पाय दिसतात, मधे एक गादी आहे, आणि ती थांबत नाही.

संध्याकाळ. दिवाणखान्यातून.

सुटलो. युक्ती माझीच. तार दाराखालून आत येते, ती ओढली. बोर्ड दिवाणखान्यातून सरकत सरकत निघाला. हिचा फोन त्यावर चार्जिंगला लावलेला. ती सोफ्यावर बसलेली. नंतर सांगत होती, आधी वाटलं उंदीर, मग वाटलं भूकंप, मग बघते तर फोन आपला पॅसेजकडे निघालाय, पाळण्याला वळसा घालून. मागोमाग गेले तर तार दाराखाली शिरलेली. मग दाराशी वाकून म्हणाली, अहो, आत आहात का? अहो, ओरडायचं तरी ना!

दार उघडले. मला पाहून हसू लागली. कानाला पुठ्ठा, केसांत कापूस. मीही हसलो. गेल्या गुरुवारनंतर पहिल्यांदाच बोलली, म्हणून अपघात फायद्याचाच म्हणायचा.

कॅमेरा चालूच राहिला होता. उद्या पाहू. पहिला टेक बहुधा वापरण्यासारखा असेल.

२ मार्च, सोमवार

शाळेतून आल्यावर, ही यायच्या आधी, कालचे रेकॉर्डिंग हेडफोन लावून ऐकले. सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

चित्र उत्तम. ट्रायपॉड हलला नाही. प्रकाश चांगला. मी दाराकडे तोंड करून उभा आहे, एका बाजूने दिसतो, मानेच्या शिरा ताणलेल्या, तोंड वासलेले, हात तोंडाभोवती. त्या वेळी मला वाटले की मी खोली दणाणून सोडतो आहे. ऐकू येते ती हवा. टायरमधून जाते तशी. मध्येच एक करकर. पुन्हा हवा.

मग तिचा आवाज. दार बंद, कापूस, गादी, रजई, आणि माझी पाठ माइककडे. तरीही : अहो, आत आहात का? अहो, ओरडायचं तरी ना! स्वच्छ. प्रत्येक अक्षर सुटे. 'ना' वरचा जोरसुद्धा.

कापड बदलले, घरघर बदलली नाही. माइक बदलले, खोली बदलली, घरघर बदलली नाही. काल त्याच माइकने, त्याच खोलीत, गादीपलीकडचे माणूस नीट ऐकले. उरलो मी. न्यायाच्या गुरुजींनी मला पहिल्याच आठवड्यात इथवर आणले असते.

पुढे आणखी थोडे आहे. दार उघडल्यानंतरचे. तिचे हसू. मग तिने विचारले, किती वेळ ओरडत होतात? माझे उत्तर आलेले नाही. मी 'बराच वेळ' म्हणालो होतो, मला आठवते. मग काही नाही. मला काल वाटले की आम्ही दोघे हसत होतो. रेकॉर्डिंगमध्ये त्या प्रश्नानंतर एकही हसणे नाही. बऱ्याच अवकाशाने तिचे एक वाक्य आहे, हळू, स्वतःशी बोलावे तसे : मी इथेच होते हो. इथेच चालत होते.

३ मार्च, मंगळवार

लेक सकाळी आली. एडिटिंगचा विषय तिने काढला नाही, मीही नाही. तिने पॅसेजमधला पाळणा उचलून आत ठेवला, गादी सोडवली आणि मूठ परत बसवली. खुळखुळते. खुळखुळू दे म्हणाली.

दुकानात फोन करून सांगायचे होते की सामान परत आणतो. लेकीने केला. त्या मुलाने विचारले, सर कसे आहेत?

डॉक्टरची वेळ आज संध्याकाळी. ही अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन घरीच थांबली आहे, मला बरोबर घेऊन निघणार. वाटेत ते दुकान लागते, म्हणून ती दुसऱ्या रस्त्याने जायचे म्हणते. मी म्हटले, याच रस्त्याने जाऊ, मी थांबणार नाही.

चॅनेल वगैरे काही नव्हते. जानेवारीत एका सकाळी वर्गात वाक्याच्या मध्यावर आवाज गेला आणि जरा वेळ परत आलाच नाही. मुले गप्प बसून वाट पाहत होती. तेव्हाच ठरवले की आहे तोवर कुठेतरी ठेवून द्यावा. मग दर वेळी ऐकले की वाटे, हा माझा नव्हे, माझा येऊ दे, मग ठेवू.

फोनमध्ये शोधले. लेकीच्या लहानपणीच्या एका व्हिडिओत मी चित्राबाहेरून ओरडतो आहे, अगं पडशील, हळू! तेवढाच आहे. बाकी कुठे नाही.

सगळे माइक चांगले आहेत. घशात गाठ असली तर काय, हे मी अजून हिला विचारलेले नाही. तिला माहीत असणार. तिने सांगितलेले नाही. मला फार भीती वाटते आहे.